गिरणीवालीची खरी नक्कल

"बाई, हळू बोला. कोर्ट आहे हे."

"हळूच बोलतेय की! ह्याच्यापेक्षा हळू बोलले तर माझं मलाच ऐकू येत नाही."

"बरं. कसली नक्कल पाहिजे?"

"घटस्फोटाची."

"कुणाच्या?"

"माझ्या! शेजारणीचा घटस्फोट नेऊन मी काय लोणचं घालू?"

खिडकीबाहेरची रांग खो खो हसली. आतला कारकून हसला नाही. त्याने चष्मा कपाळावर ढकलला आणि समोरची बाई पाहून घेतली. पन्नाशी ओलांडलेली, हाडापेराने मजबूत. डोक्याला फडकं गुंडाळलेलं, तरी कानामागे आणि भुवयांत पीठ बसलेलं.

"साधी पाहिजे की खरी?"

"काय?"

"नक्कल हो. साधी नक्कल की खरी नक्कल?"

"अहो, नक्कल आहे तर खरी कशी? आणि खरी असली तर तिला नक्कल कशाला म्हणायचं?"

"शिक्का मारलेली ती खरी. बिनशिक्क्याची ती साधी. कशासाठी पाहिजे त्यावर असतं."

"मग खरीच द्या. लग्न करायचंय मला. साधीवर लावत नाहीत म्हणे."

आता रांग हसली नाही. सगळ्या माना वळून तिच्याकडे बघायला लागल्या. व्हरांड्याच्या पार टोकाला बाकावर पेंगत बसलेला एक म्हातारासुद्धा डोळे उघडून बघायला लागला. बाईच्या लक्षात आलं, की जी गोष्ट सख्ख्या बहिणीला अजून सांगितली नव्हती ती तिने अख्ख्या कोर्टाला ऐकवली होती.

जिच्याशी त्याचं लग्न ठरलं होतं त्या गिरणीवालीला सुताराने बजावलं होतं, "आधी कागद होऊ दे. तोवर कुणाला बोलू नका." पण बजावून काय उपयोग? तिच्या गळ्यात बारीक आवाज शिल्लकच नव्हता. जन्मापासून ती पिठाच्या गिरणीत होती. आधी बापाची गिरणी, मग तिची. वर पट्टा फटफटतोय, खाली दगड गरगरतोय, त्यातून जे काही बोलायचं ते बेंबीच्या देठापासून. त्यामुळे ती कुजबुजली तरी पलीकडच्या गल्लीत कळायचं. गावात तिला नावाने कुणी ओळखत नसे. गिरणीवाली म्हटलं की पुरे.

दिवसभर गिरणीत माणसांची रीघ असायची. डबे घेऊन यायची, डबे घेऊन जायची. पण एवढ्या माणसांत तिच्याशी बोलणारं कुणी नसायचं, कारण बोलून ऐकू कुणाला जाणार? सगळा कारभार बोटांवर. चिमूट दाखवली की बारीक दळायचं, मूठ वळली की जाडं, तळहात हलवला की मध्यम. "कशी आहेस?" ह्याला काही खूण नव्हती, म्हणून ते कुणी विचारत नसे. संध्याकाळी मोटर बंद केली की मागच्या खोलीत एकदम अंगावर येणारी शांतता. मग कधीकधी ती दळण संपल्यावरही मोटर बंद करायची नाही. रिकामी गिरणी चालवू नये हे तिला चांगलं ठाऊक. दगड दगडाला खातात, त्यांना मारलेली टाकी बोथट होते. तरी चालू ठेवायची. वर स्वतःलाच शिव्या घालायची.

सुतार आला तो ह्या गिरणीच्या लाकडी पेटीसाठी. धान्य ओततात त्या पेटीचा एक पाय कुजला होता. सुतार विधुर, कानाला पेन्सिल, बोलायला मोकळा. आल्या आल्या त्याने पहिलं काम केलं, ते म्हणजे मोटर बंद केली.

"अहो, दळणं खोळंबलीत!"

"असू देत. हलत्या पेटीचं माप मी कसं घेऊ? घोड्यावर बसलेल्याची कटिंग करतात का?"

भर दुपारी गिरणी गप्प झाली. सुताराने माप घेतलं, पेन्सिलीची खूण केली, खूण पुसली, पुन्हा माप घेतलं. तोंड चालूच. तिचा बाप कसा होता, दगड कुठून आणले, पाठ दुखते का, रात्री झोप लागते का. एका दुपारचं काम त्याने आठवडाभर पुरवलं. आधी तिला वाटलं, सुताराची जात, वायदा पाळील तर शपथ. मग एक दिवस त्याने काल बसवलेला खिळा आज उपटून परत ठोकताना तिने पाहिला आणि तिला समजलं. त्या दिवशी चहात साखर थोडी जास्त पडली एवढंच.

पाय बसवून झाल्यावर तो म्हणाला, "गिरणीबाई, घरात दुसरं माणूस असावं असं वाटत नाही का कधी?"

"दुसऱ्याचं काय घेऊन बसलात! पहिलंच टिकलं नाही."

"ते झालं. माझी लेक बोलावतेय मला तिच्याकडे. लांब आहे. जावई चांगला आहे, खोली रिकामी करून ठेवलीय. काय सांगू तिला? येतो म्हणू की नाही म्हणू?"

गिरणीवालीने मोटर सुरू केली. अर्धा डबा गहू दळला. मग मोटर बंद करून म्हणाली, "नाही म्हणून सांगा."

झालं ते एवढंच. त्यात हार नाही, तुरे नाहीत. लग्न नोंदणीच्या कचेरीत दोघं गेले. तिथल्या बाईने सुताराकडे मेलेल्या बायकोचा दाखला मागितला आणि गिरणीवालीकडे घटस्फोटाच्या हुकुमाची खरी नक्कल. सुताराचा दाखला दुसऱ्याच दिवशी हातात आला. गिरणीवालीचा कागद घरात कुठेच नव्हता. घटस्फोट झाला हे मात्र तिला पक्कं माहीत होतं. तेव्हापासून वीसेक वर्षं ती त्याच हिशेबाने जगली होती.

नक्कल-खिडकीने तिला रेकॉर्डखोलीत पिटाळलं. "प्रकरणाचा नंबर आणा, मग अर्ज करा." रेकॉर्डखोली जिन्याखाली, अर्धी जमिनीत. भिंतीला लागून छतापर्यंत फडक्यात बांधलेले गठ्ठे, मधे एक बल्ब, बल्बाखाली नाकाला रुमाल बांधलेला रेकॉर्डवाला. निवृत्तीला टेकलेला माणूस. तिच्या भुवया बघून तो म्हणाला, "तुमचं पीठ दिसतंय. माझी धूळ. बसा."

"घटस्फोट शोधायचाय."

"व्हायचा असेल तर बाहेर शोधा, इथं फक्त झालेले मिळतात. वर्ष कुठलं?"

"आमच्या गिरणीचं तेलावरचं इंजिन काढून विजेची मोटर बसवली, त्या वर्षी."

"बाई, कोर्टात मोटरीचं वर्ष नसतं. बरं, न्यायाधीश कोण होतं? बाई की बुवा?"

"बाई होती. सारखी शिंकत होती. शिंकून शिंकून नाक लाल झालं होतं बिचारीचं."

"हात्तिच्या! शिंकणाऱ्या बाईसाहेब! ह्या गठ्ठ्यांची धूळ त्यांना सोसायची नाही. दोनच हिवाळे टिकल्या इथं." रेकॉर्डवाला खूश झाला. "सापडेल. पण आज नाही. ते गठ्ठे वरच्या फळीवर आहेत आणि आमची शिडी साहेबांच्या पंख्याला गेलीय."

पुढे ती बऱ्याच वेळा आली. सकाळची गिऱ्हाइकं बुडवून यायची. कधी शिडी नसायची, कधी शिडी असायची तर रेकॉर्डवाला नसायचा. गिरणी बंद बघून गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. एकजण तर म्हणाला, "म्हातारपणी कोर्टाची चटक लागली वाटतं." कोर्टाच्या आवारातल्या बाकावर ती बसायची. आजूबाजूला भांडणारे भाऊ, रडणाऱ्या सुना, काळे कोट. कुणाबरोबर कुणीतरी होतंच, भांडायला का होईना. ती आपली डब्याला पाठ टेकून बसावं तशी भिंतीला पाठ टेकून बसायची आणि जुन्या नवऱ्याचा चेहरा आठवून बघायची. धड आठवायचा नाही.

नवरा धान्यबाजारात मापाडी होता. काटा धरायचा, पोती मोजायचा. घरजावई म्हणून आला. स्वभावाने गरीब, आणि बोलणं असं की ओठ हलले तर हलले. इंजिनाच्या आवाजाने त्याचं डोकं दुखायचं, म्हणून तो मागच्या पायरीवर कानात कापूस घालून बसायचा. सासरा टोमणा मारायचा, "जावईबापू, कानात बोळे घालून गिरणी चालत नसते." मापाडी हसायचा. एक दिवस सकाळी कपड्यांची पिशवी घेऊन तो गिरणीच्या दारात उभा राहिला, काहीतरी बोलला आणि गेला. इंजिन धडधडत होतं. तिला वाटलं, बाजारात निघाला. मान हलवून ती पुन्हा दळणाकडे वळली. तो परत येणार नाही हे संध्याकाळी कळलं. मार नाही, दारू नाही, दुसरी बाई नाही. लोकांना सांगायला काही कारणच नव्हतं, त्यामुळे लोकांनी मनाला येतील ती लावली. मूल नव्हतं. दोघांनी मिळून एकच वकील केला, अर्जावर सह्या केल्या. एकदा शिंकणाऱ्या बाईसाहेबांपुढे उभे राहिले. बाईसाहेबांनी पुढची तारीख दिली. मग एके दिवशी वकिलाच्या मुनशीने गिरणीच्या दारातून ओरडून सांगितलं आणि तो विषय संपला.

शेवटी एका सकाळी रेकॉर्डवाल्याने तिला लांबूनच हात केला. "या, या. सापडलं तुमचं."

टेबलावर पिवळा पडलेला एक पातळसा गठ्ठा होता. तिचा जीव भांड्यात पडला. रेकॉर्डवाल्याने शेवटचं पान काढलं, बल्बाखाली धरलं आणि वाचायला लागला. वाचता वाचता त्याचा आवाज बसत गेला.

"मोठ्याने वाचा, मला ऐकू येत नाही."

"'पुकारा केला असता उभय पक्ष गैरहजर. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'"

"बरोबर! निकाल लागला. तेच म्हणत होते मी. मारा शिक्का."

रेकॉर्डवाल्याने रुमाल नाकावरून खाली ओढला. "बाई, निकाल लागला असं नाही लिहिलंय. निकाली काढला, असं आहे."

"तेच ते."

"तेच ते नाही हो. निकाल दिला म्हणजे कोर्टाने तुमचा घटस्फोट केला. निकाली काढला म्हणजे कोर्टाने तुमचा कागद मिटवून बाजूला ठेवला. तुम्ही दोघंही आला नाहीत त्या तारखेला. मग न्यायाधीशांनी काय खुर्च्यांचा घटस्फोट करायचा?"

तिच्या डोळ्यांपुढे मुनशी उभा राहिला. गिरणीच्या दारात, नव्या मोटरीच्या आवाजात, तोंडाशी हातांचा भोंगा करून ओरडत असलेला. 'केस निकाली निघाली!' तिने हात हलवला होता. समजलं, समजलं. मोटर बंद करून "म्हणजे काय?" एवढं विचारायला पाहिजे होतं. पण रांग लागली होती, सुगीचे दिवस, डबे पार रस्त्यापर्यंत.

"मग मी कोण?" तिने विचारलं. ह्या वेळी तिचा आवाज खरोखरच लहान आला.

"कायद्याने म्हणाल तर... त्यांची बायको."

"एवढी वर्षं?"

"एवढी वर्षं. अजूनही."

"चूक झालीय ना? मग दुरुस्त करा की! शिक्का तुमच्याकडे आहे, पेन आहे."

"चूक कोर्टाची असती तर केली असती." रेकॉर्डवाल्याने गठ्ठ्याची गाठ पुन्हा बांधली. "नवीन अर्ज करा. दोघांच्या सह्या लागतील आणि दोघांना यावं लागेल. मधे मुदत असते. उन्हाळा तरी जाईल. आहेत का ते?"

"कोण?"

"तुमचे... हे."

आहे की नाही हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं. बाजारातल्या जुन्या हमालाकडून पत्ता लागला. मापाडी पलीकडच्या शहरात एका वाचनालयात कामाला होता. ती बसने गेली. जाताना दोन शब्द मनाशी जुळवून ठेवले होते, पण वाचनालयाच्या दारात पोचली आणि अडली. आत ओळीने माणसं वर्तमानपत्रांत तोंडं खुपसून बसलेली. भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'शांतता राखा'. पलीकडे कपाटापाशी पाठमोरा एक पांढऱ्या केसांचा माणूस पुस्तकं लावत होता. खांद्यावरून तिने ओळखला. पण हाक काय मारायची? नाव तिने आयुष्यात घेतलं नव्हतं. 'अहो' म्हणावं तर नातं राहिलं नाही, आणि 'ओ मापाडी' म्हणावं तर कायद्याने तो नवरा. डोकं ठरवीपर्यंत तोंड उघडलंसुद्धा.

"अहो, ऐकलंत का!"

सगळी वर्तमानपत्रं एकदम खाली आली. पांढऱ्या केसांचा माणूस वळला. त्याने तिच्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं आणि तोंडावर बोट ठेवून तिला मागच्या पायऱ्यांवर घेऊन गेला.

तिने सगळं सांगितलं. तो ऐकत होता. त्याचे ओठ हलले.

"काय? मोठ्याने बोला. माझे कान गेलेत आता."

"मी म्हटलं, मला वाटलं तू गेली असशील त्या तारखेला. एक माणूस पुरत असेल."

"आणि मला वाटलं तुम्ही गेला असाल!"

मापाडी हसायला लागला. हसणंही तसंच, बिनआवाजाचं. नुसते खांदे हलत होते. "म्हणजे एवढी वर्षं आपण नवरा-बायको. आणि एकदाही भांडलो नाही. असलं जोडपं दिवा घेऊन शोधलं तरी मिळायचं नाही."

तीही हसली. मग हसणं संपलं. तिने विचारलं, "त्या दिवशी पिशवी घेऊन दारात उभे राहिलात तेव्हा काय म्हणाला होतात? मला ऐकू आलं नाही."

त्याने बराच विचार केला. "आठवत नाही," म्हणाला. "आता खोटं कशाला सांगू?"

"बरं."

"कोण आहे तो?"

"सुतार आहे."

"बोलतो का?"

"पुष्कळ."

"त्या आवाजात?"

"नाही. आधी मोटर बंद करतो."

मापाडीने मान हलवली. "तुझ्या वडिलांचं इंजिन बंद करायची माझी कुठं छाती होती," एवढं म्हणून तो उठला. "सही करतो. तारखेला येतो. ह्या खेपेला दोघंही जाऊ." बसपर्यंत सोडायला आला. बस सुटताना खिडकीखाली उभा राहून पुन्हा काहीतरी म्हणाला. तिला ऐकू आलं नाही. तिने मान हलवली आणि बस निघाल्यावर स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला.

सुताराला तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्याने कानाची पेन्सिल काढली, लावली, पुन्हा काढली.

"म्हणजे मी दुसऱ्याच्या बायकोला मागणी घातली. मार खाल्ला नाही हेच नशीब."

"मारणारा माणूस नाही तो."

"किती दिवस लागतील?"

"उन्हाळा तरी जाईल म्हणतात. मुदत, मग तारीख. तारखा काय, सुताराच्या वायद्यासारख्या."

एरवी तो हसला असता. आता त्याने नुसतं "हूं" केलं. पेटीच्या नवीन बसवलेल्या पायावरून हात फिरवला, जणू पाय अजून पक्का आहे का ते बघत होता. "मग असं करतो. तोपर्यंत लेकीकडे जाऊन येतो. नाही म्हटल्यापासून ती फोनवर धड बोलत नाहीये. तेवढीच तिची समजूत पटेल. इकडं तुमचा कागद होईल, तिकडं मी परत येईन."

"या जाऊन. त्यात काय."

तो निघाला तेव्हा ती बसथांब्यावर गेली. त्याच्याबरोबर कपड्यांची पेटी होतीच, शिवाय पोत्यात गुंडाळलेली हत्यारं होती. रंधा, पटाशी, मोठी करवत, सगळं.

"हत्यारं घेऊन चाललात?"

"बसून काय करू तिथं? आळीत दोन कामं करीन. हाताची सवय सुटायला नको."

"खरंय," ती म्हणाली. लेकीला भेटून यायला मोठी करवत लागत नाही हे तिला कळत होतं. त्यालाही कळत असावं, कारण ते पोतं तो सारखं पायाने बाकाखाली सरकवत होता.

तरी तिने अर्ज केला. सह्या झाल्या. मुदत गेली. मधूनमधून सुताराचा फोन यायचा. ती मोटर बंद करायची, गिऱ्हाइकाला बोटाने 'थांबा' करायची आणि बोलायची. आधी तो विचारायचा, "कागदाचं काय झालं?" पुढे पुढे सांगायचा जास्त. लेकीच्या घराला माळा घातला. शेजाऱ्यांच्या दारांना चौकटी केल्या. लेकीला दिवस गेलेत, जावई फिरतीवर असतो, घरात बघायला कुणी नाही. ती हुंकार द्यायची. "तारीख लागली की कळवा," असं म्हणून तो ठेवायचा. 'कळवा' म्हणायचा. 'येतो' असं म्हणायचं त्याने कधी सोडलं, ते तिच्या नीट लक्षात राहिलं नाही.

तारखेच्या दिवशी तिने गिरणीला कुलूप लावलं आणि डोकं स्वच्छ धुऊन कोर्टात गेली. मापाडी आधीच येऊन व्हरांड्यात उभा होता, इस्त्रीचा सदरा घालून. शिपायाने पुकारा केला. दोघांची नावं एका दमात घेतली, तिच्या नावामागे त्याचं नाव जोडून. किती तरी वर्षांनी तिने स्वतःचं पूर्ण नाव ऐकलं. क्षणभर तिला कळलंच नाही की आपल्याला बोलावलंय. मापाडीने कोपराने खुणावलं.

न्यायाधीश तरुण होते. त्यांनी मापाडीला विचारलं, "तुमची संमती आहे?" त्याचे ओठ हलले. "मोठ्याने बोला." पुन्हा ओठ हलले. मग तिला विचारलं आणि तिने "होय साहेब!" म्हणताच खिडकीतलं कबुतर उडालं.

"तुमच्यातला थोडा आवाज ह्यांना दिला असता तर बरं झालं असतं," न्यायाधीश म्हणाले. वकील लोक हसले. ती दोघं हसली नाहीत. हुकूम झाला. ह्या खेपेला निकाल लागला, निकाली निघाला नाही. तिने मुद्दाम कारकुनाला दोनदा विचारून खात्री करून घेतली.

बाहेर येऊन दोघं थांबले. आता त्याला काय म्हणून हाक मारायची, तो प्रश्नही सुटला होता. त्याने हात जोडले, तिनेही जोडले. तो त्याच्या बसकडे गेला. इतकी वर्षं आपण एकट्या आहोत असं ती धरून चालली होती, तेव्हा कागदावर तिला कुणीतरी होतं. आज कागदावरही कुणी नव्हतं.

गिरणीत येऊन तिने कुलूप उघडलं. मोटर सुरू करण्याआधी सुताराला फोन लावला.

"झालं," ती म्हणाली. "निकाल लागला. नक्कल मिळेल आता. खरी."

पलीकडे तान्हं मूल रडत होतं. सुतार म्हणाला, "छान झालं. सुटलात म्हणायचं." मग म्हणाला, "गिरणीबाई, लेक बाळंत झालीय. अंगात ताप आहे तिच्या. घरात मीच. मूल माझ्या मांडीशिवाय झोपत नाही. आता हिला टाकून कसा येऊ, तुम्हीच सांगा."

तुम्हीच सांगा. म्हणजे ते ओझंसुद्धा तिच्याच डोक्यावर. तिच्या जिभेवर एक सणसणीत उत्तर आलं होतं. पण पलीकडचं मूल ज्या आवाजाने रडत होतं ते पाहता उत्तर त्याला ऐकूही गेलं नसतं.

"राहा तिथंच," ती म्हणाली. "लेकीला बघा."

"नंतर बघू आपण. थंडीत येऊन जाईन."

"बरं."

फोन ठेवून ती पेटीच्या कडेला टेकून बसली. नकलेचा अर्ज ती खिडकीत टाकून आली होती, नक्कल आणायला पुढच्या आठवड्यात जायचं होतं. आता जायची निकड नव्हती. तरी जाऊ, असं तिने ठरवलं. आपल्या बाबतीत काय झालं आणि काय नाही, हे निदान एकदा शिक्क्यासकट घरात असावं. कुणाच्या ओरडण्यावर भिस्त नको.

दारात सावली पडली. शाळेतली बाई डबा घेऊन उभी होती, मागे आणखी दोघं. "उघडलीत का? सकाळी येऊन गेले मी, कुलूप होतं. बरं नव्हतं का?"

"कोर्टात काम होतं."

"झालं का?"

"झालं." तिने डबा उघडून हात घालून पाहिला. "गहूच ना? ओलसर लागतायत. ऊन दाखवलं नाहीत."

"वेळच मिळाला नाही हो."

"मग पीठ चिकट येईल, मला बोलायचं नाही. आणि हे बघा, काल शेवटी चण्याचं दळण गेलंय. आधी तुमचेच दोन मुठी टाकून दगड धुऊन काढते. ते पीठ वेगळं देईन. त्यात मिसळू नका."

शाळेतल्या बाईने काहीतरी विचारायला तोंड उघडलं होतं. गिरणीवालीने फडकं डोक्याला आवळलं, मोटरीचा खटका वर केला आणि बाईकडे बघून दोन बोटांची चिमूट धरली.

बारीक ना?

बाईने मान हलवली.